घरी राहिलेला जुळा

व्हिएतनाम युद्धाच्या काळात लष्करात असलेल्या अमेरिकी जुळ्या भावांची एक मोठी नोंद ठेवलेली आहे. आघातानंतरच्या ताणविकारावर, म्हणजे पीटीएसडीवर, काम करणाऱ्यांना ती फार उपयोगी पडली. 1993 साली तिच्यातल्या 4,042 जोड्यांचा अभ्यास छापून आला. एकबीज जुळ्यांची जनुके सारखी, द्विबीजांची सरासरीने निम्मी सारखी. दोघांची तुलना केल्यावर, कुणाला लक्षणे जास्त आणि कुणाला कमी या फरकात आनुवंशिकतेचा वाटा 13 ते 34 टक्के निघाला. बाकीचे आयुष्याने केले.

*

याच जुळ्यांमधून निघालेली दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करते. प्रत्यक्ष लढाईत कोण सापडला, यातही जनुकांचा हात दिसला. स्वभाव माणसाला धोक्याकडे नेतो, असा याचा अर्थ लावता येईल. पण तो तेवढ्यापुरताच लावावा. 1993 सालीच, 30 सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात झोपलेल्या माणसांवर दगडमातीची घरे कोसळली. त्यात कुणाच्या स्वभावाचा काय संबंध?

*

हिप्पोकॅम्पस हा आठवणींशी निगडित मेंदूचा भाग. पीटीएसडी झालेल्या सैनिकांमध्ये तो सरासरीने लहान आढळतो. युद्धाने तो झिजवला, असे बरेच जण धरून चालले होते. 2002 साली एका गटाने अशा सैनिकांच्या, लढाईवर कधीच न गेलेल्या, एकबीज भावांचे मेंदू मोजले. त्यांचाही हिप्पोकॅम्पस लहानच! म्हणजे निदान काही अंशी तो लहानपणा युद्धाच्या आधीचा होता. अभ्यास छोटा, पण मांडणी इतकी नेमकी की हेवा वाटावा. घरी राहिलेल्या भावाला विचारायचे, हे सुचायला हवे.

*

ताण म्हटला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढणार, हे आपण सगळेच ऐकून आहोत. संशोधक रेचल येहुदा यांना पीटीएसडीच्या रुग्णांत ते अनेकदा कमी सापडले. पुढे सगळ्यांनाच तसे सापडले नाही, हेही खरे.

*

‘आजीचे दुःख नातीच्या जनुकांत’ अशा मथळ्यांचा मला कंटाळा आला आहे. त्यामागे बहुतेकदा येहुदांचाच 2016 चा अभ्यास असतो: नाझी छळातून वाचलेली 32 माणसे आणि त्यांची 22 मुले. एफकेबीपी5 या जनुकावरच्या रासायनिक खुणा त्यांनी रक्तात तपासल्या, मेंदूत नव्हे. शिवाय नातवंडे त्यात नव्हतीच. आणि अशा आईबापांच्या घरात वाढणे हाही एक अनुभवच. रक्तातून काय आले आणि घरातून काय, हे 22 मुलांवरून कोण सांगणार?

*

एकेका जनुकाला आरोपी ठरवण्याचे दिवस गेले. 2024 साली 12 लाखांहून जास्त माणसांच्या माहितीतून जनुकसंचातल्या 95 जागा पीटीएसडीशी जोडलेल्या सापडल्या. एकेकीचा परिणाम अगदी किरकोळ. त्यातली बहुतेक माणसे युरोपीय वंशाची, त्यामुळे आपल्याकडे ते आकडे जसेच्या तसे वापरता येणार नाहीत.

*

पीटीएसडीचे निदान आजही समोर बसून, विचारून आणि ऐकूनच होते. त्यासाठी रक्ताची किंवा डीएनएची मान्य चाचणी नाही. कुणी तशी विकायला आलेच, तर ते पैसे मानसोपचारतज्ज्ञाच्या फीसाठी ठेवा.