झाकणावरचा हात

गेल्या नाताळात धर्मग्रामातील एका कर्णबधिर मुलासाठी मी संगीतपेटी बनविली. ‘यूएम ६६’ ही तीन पायांची इवलीशी आयसी तीन व्होल्टवर बेथोव्हेनची १८१० मधील ‘फ्यूर एलीझ’ आळविते; ती रचिली तेव्हा त्याचेही कान क्षीण होत चालले होते. सुरांबरोबर दिवा लुकलुकावा, जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटरीवर पुठ्ठ्याचे कबूतर फिरावे, असा बेत. परंतु मोटर सुरू होताच सेलचा दाब घसरे आणि सूर अडखळत. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, सोल्डरिंग नव्हे. दोन बोटे भाजली! अखेर मोटरीस वेगळे सेल दिले.

मुलाने स्पीकरवरील झाकणावर तळहात टेकविला, डोळे मिटले आणि मोटर बंद करा, असे खुणावले. तिची थरथर सुरांत मिसळत होती. कबूतर आता माझ्या टेबलावर असते.