धुंदलवाडीचे हादरे आणि विस्कळीत चुंबक

लोखंडी पट्टीभोवती तारेचे वेटोळे घालून ते वर्धकातून स्पीकरला जोडले आणि चुंबक हळूहळू जवळ आणला, तर तडतड ऐकू येते. हाइनरिख बार्कहाउझेन यांनी १९१९ मध्ये ती नोंदवली. धातूतील चुंबकीय भाग अशुद्धी आणि ताण यांमुळे अडून बसतात, मग एकदम पालटतात. त्याचा हा आवाज.

या अडवणुकीचे सर्वांत सोपे गणित यादृच्छिक क्षेत्राच्या आयझिंग प्रतिमानात आहे. जाळीच्या प्रत्येक बिंदूवर एक स्पिन, म्हणजे चिमुकला चुंबक, वर किंवा खाली. त्यावर शेजाऱ्यांची ओढ, बाहेरचे क्षेत्र आणि त्या जागेचे, जणू चिठ्ठी टाकून ठरलेले क्षेत्र. जेम्स सेथ्ना व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ते निरपेक्ष शून्य तापमानाला तपासले. बाहेरचे क्षेत्र एवढेच वाढवायचे की सर्वांत कच्चा स्पिन पालटेल. तो शेजाऱ्यांना ओढतो, ते त्यांच्या शेजाऱ्यांना. ही साखळी थांबली की एक दरड मोजून झाली.

पुढचा कच्चा स्पिन शोधायला दर वेळी सगळी जाळी चाळली, तर मोठ्या जाळीचे गणित संपतच नाही. म्हणून यादृच्छिक क्षेत्रे आधीच उतरत्या क्रमाने लावून ठेवतात. तीन मितींत शेजारी सहा. त्यांतले वर वळलेले शून्य ते सहा. प्रत्येक शक्यतेसाठी यादीत एक खूण, म्हणजे फक्त सात खुणा पुढे सरकवायच्या. दुसऱ्या एका युक्तीत यादृच्छिक क्षेत्र साठवतच नाहीत. गरज पडेल तेव्हा संभाव्यतेवरून पालटायचे की नाही ते ठरवतात, आणि एका स्पिनला एक बिट पुरतो. अब्ज स्पिनांची जाळी त्यामुळेच शक्य झाली.

यादृच्छिक क्षेत्रांचा पसारा कमी असेल तर एकच दरड बहुतेक चुंबक पालटवते. जास्त असेल तर नुसती किरकिर. तीन मितींत या दोहोंमधली सीमा, म्हणजे निर्णायक बिंदू, साधारण २.१६ वर येते (प्रमाण विचलन, शेजाऱ्यांच्या ओढीच्या एककात). लहान जाळीत साधी दरडही कडेला पोचून फसवते, म्हणून अनेक आकारांच्या जाळ्या, प्रत्येकीचे अनेक नमुने, आणि योग्य घातांकांनी ताणून एकमेकांवर बसवलेले आलेख लागतात. संगणकाला ताडून पाहायला नेमके उत्तरही हवे. ते बेथे जाळीसाठी, म्हणजे झाडासारख्या फांद्या फुटत जाणाऱ्या जाळीसाठी, तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेल्या दीपक धर यांनी प्रबोध शुक्ला व सेथ्ना यांच्यासह १९९७ मध्ये काढले: तीन शेजारी असतील तर बहुतेक चुंबक पालटवणारी मोठी उडी कधीच नाही, चार असतील तर पसारा कमी असताना ती आहे. तीन आणि चार यांत एवढा फरक पडेल असे सहज सुचत नाही.

अशा लहानमोठ्या दरडींची आठवण जमिनीचे हादरेही करून देतात. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपांची मालिका सुरू झाली. बारीक हादरे असंख्य, चार प्रतीच्या (मॅग्निट्यूड) आसपासचे मोजके. गुटेनबर्ग-रिश्टर नियमानुसार प्रतीची एक पायरी उतरली की संख्या सुमारे दसपट होते. दरडींच्या आकारांप्रमाणे येथेही लघुगणकी कागदावर सरळ रेषा उमटते. पण प्रतिमानात ही रेषा निर्णायक बिंदूपासून बरेच दूर असतानाही कित्येक दशपटींपर्यंत टिकते, तेव्हा रेषा दिसली म्हणून खडक निर्णायक अवस्थेत आहे असे ठरत नाही. शिवाय चुंबकातली पुढची दरड क्षेत्र वाढवल्याशिवाय येत नाही. भूकंपमालिकेतील धक्के मात्र काळात घोळक्याने येतात. प्रतिमानाच्या या रूपात काळाला जागाच नाही.