जायची तार, यायची तार

"मराठी विभागासाठी काहीतरी लिही," असं मॅडम म्हणाल्या तेव्हा आधी मला हसूच आलं. पहिलीपासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये. एकोणसत्तर की एकोणऐंशी, हा गोंधळ वयाच्या विसाव्या वर्षीही सुटलेला नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण या उन्हाळ्यात गावी जे घडलं ते इंग्लिशमध्ये सांगायला गेले तर त्यातला जीवच निघून जातो. म्हणून हा खटाटोप.

गाव मुरुड. हॉस्टेलमध्ये नाव सांगितलं की मुली लगेच विचारतात, "वॉव, बीच आहे ना?" तो मुरुड-जंजिरा! आमचं मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावर. समुद्र नाही, सोयाबीन आहे.

तिथे माझ्या मोठ्या काकांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्न, सप्ताह, गणपती, सगळीकडे त्यांचेच भोंगे. डीजे आले आणि दुकान बंद पडलं, पण एक आठ चॅनेलचा मिक्सर, माईक आणि वायरींची एक पेटी काकांनी विकली नाही. आणि एक कॅसेट. तिच्यावर निळ्या पेनने लिहिलंय, 'आई, १९९६'.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. एका रात्रीत घरं आणि माणसं कशी जातात ते आपल्या भागाने तेव्हा पाहिलं. त्यानंतर काकांच्या मनाने घेतलं की आईच्या जात्यावरच्या ओव्या टेप करून ठेवायच्या. पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून ते आठ दिवसांसाठी एक मशीन घेऊन आले, टेप केलं आणि मशीन परत दिलं. आजी २००१ मध्ये गेली. मी तिला पाहिलेलंच नाही.

गंमत अशी की ती कॅसेट घरच्या टेपवर लावली की भूत बोलल्यासारखा जाड, संथ आवाज यायचा. उलटी करून लावली तर आवाज संथ तर खराच, पण शब्दही उलटे. सगळ्यांनी ठरवलं, कॅसेट खराब झाली.

ती खराब नव्हतीच. हे मला थर्ड इयरला कळलं.

आपल्या साध्या कॅसेटच्या पट्टीवर चार ट्रॅक असतात. दोन ए बाजूचे, दोन बी बाजूचे, उलट दिशेने जाणारे. फोर-ट्रॅक मशीन हे चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरतं, आणि बरीचशी मशीन्स पट्टी दुप्पट वेगाने पळवतात: सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटरऐवजी साडेनऊ. म्हणून घरच्या टेपवर आवाज निम्म्या वेगाने, आणि बी बाजूला उलटा! कॅसेटवरचं असं मशीन जपानच्या टीॲक कंपनीने १९७९ मध्ये आणलं. त्याआधी हे काम मोठ्या टेपवर, मोठ्या स्टुडिओत चालायचं. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' हा १९६७ चा अल्बमसुद्धा फोर-ट्रॅकवरच झाला. आणि आमच्या मुरुडच्या माजघरात काकांनी पहिल्या ट्रॅकवर जातं, दुसऱ्यावर आजी, तिसऱ्यावर आजीची धाकटी जाऊ घेतली होती. चौथा टाळासाठी कोरा ठेवला, तो कोराच राहिला.

कॉलेजच्या एका सिनिअरकडून जुनं फोर-ट्रॅक मशीन मिळवलं. काकांनी त्याचा ताणलेला बेल्ट बदलला, कापसाने आणि स्पिरिटने हेड पुसलं. मग जोडणी. इथे माझं ज्ञान सुरू झालं.

"काका, मशीनच्या आउटपुटची लेव्हल वजा दहा डीबीव्ही आहे, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. मिक्सरला अधिक चार डीबीयू लागतं, म्हणजे १.२३ व्होल्ट. जवळजवळ चौपट फरक. गेन बारा डीबी वाढवावा लागेल."

काका म्हणाले, "म्हंजे आवाज बारीक येणार, गुंडी जरा जास्त फिरवायची. एवढंच की! माईकच्या भोकात मात्र घालू नको, लाईनच्या भोकात घाल. आणि आधी सगळ्या दांड्या शून्यावर, मग तार."

मशीनचे चार आउटपुट मिक्सरच्या एक ते चार लाईन इनपुटला, मिक्सरचं मेन आउटपुट लॅपटॉपला. चालू केलं तर 'घुंss' आवाज. पन्नास हर्ट्झचा हम! मी ग्राउंड लूपची व्याख्या आठवेपर्यंत काकांनी सगळ्यांचे प्लग एकाच बोर्डात लावले. हम गेला.

आणि आजी आली. पातळ, थोडा नाकातला आवाज. मला अर्धे शब्द कळेनात, पण अंगावर काटा आला.

एकेक ट्रॅक वेगळा ऐकताना मला चूक सापडली. जात्याच्या ट्रॅकमध्येही आजी ऐकू येत होती, लांबून, अस्पष्ट. "काका, तुमचं माईक प्लेसिंग चुकलं. याला लीकेज म्हणतात." काका म्हणाले, "दोघी जात्याला धरून बसल्या व्हत्या. आवाजाला भिंत कुठं असती?"

आता रेकॉर्डिंग. पुस्तकातल्या आकृतीत तारा दोन्हीकडून होत्या: मशीनकडून मिक्सरकडे आणि मिक्सरकडून मशीनकडे. मी मिक्सरच्या ग्रुप आउटच्या तारा मशीनच्या इनपुटला लावायला घेतल्या.

"ती तार कशाला लावायलीस? आपल्याला यायची तार पायजे. जायची कशाला?"

"काका, पूर्ण जोडणी अशीच असते." (हे वाक्य मला जन्मभर पुरेल.)

दोन नंबरच्या ट्रॅकचं बटण मी 'निवडण्यासाठी' दाबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. ते रेकॉर्डसाठी ट्रॅक तयार करायचं बटण होतं. मग लॅपटॉपवर रेकॉर्ड दाबायचं सोडून मी मशीनवरचं रेकॉर्ड दाबलं. मिक्सरमधला आवाज मशीनमध्ये, मशीनमधला परत मिक्सरमध्ये, गोल गोल. कान फाटतील अशी किंचाळी! काकांनी तार उपटली.

अकरा सेकंद. आजीच्या ट्रॅकवर आता अकरा सेकंद किंचाळी होती. खाली आजी नव्हती, कारण टेप नवीन लिहायच्या आधी जुनं पुसतो. हे मी परीक्षेत दोन मार्कांसाठी लिहिलेलं आहे.

मी रडायला लागले. काका काही बोलले नाहीत. जायच्या चारही तारा काढून गुंडाळल्या, कॅसेटचे वरचे दोन्ही कान मोडले म्हणजे पुन्हा रेकॉर्डच होणार नाही, आणि टेप मागे घेतला. म्हणाले, "जात्याचा आवाज वाढीव."

मी दोन नंबर बंद केला, एक नंबरची दांडी वर नेली. काकांनी त्याचा बास पूर्ण कमी केला. जात्याची घरघर खाली बसली आणि त्या घरघरीच्या मागून, दोन हात लांबून, आजी गात होती. तीच अकरा सेकंदं.

ओवीत लेकाचं, भावाचं नाव गुंफायची रीत आहे, हे मला तेव्हा काकांनी सांगितलं. त्या अकरा सेकंदांत जे नाव होतं, ते काकांचं.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत, हे मला इकडे परत आल्यावर कळलं. आमच्याकडे फक्त पंधरा मिनिटं आहेत. ती आता तीन ठिकाणी कॉपी करून ठेवलीत. न कळलेले शब्द काकांना फोन करून विचारते आणि वहीत लिहिते. मराठीत.

ज्युनिअर्सना एकच सल्ला: जुनी टेप ऐकायची असेल तर आधी कान मोडा, आणि जायची तार पेटीतच राहू द्या.

फाईल पाठवली तेव्हा मी आजीचा आवाज स्वच्छ, वेगळा काढून दिला होता. काकांनी फोन करून दुसराच ट्रॅक मागितला. जात्याचा.