भांडणाचे कागद

सुखाने नांदलेल्या माणसांचे कागद सहसा सापडत नाहीत. दफ्तरखान्यात बसू लागल्यापासून माझं हे मत पक्कंच होत चाललं आहे. दोन भाऊ एका ताटात जेवले, शेत निमूट कसलं आणि वाटणी न करताच म्हातारे होऊन गेले, तर त्यांच्या नावाची साधी चिठीही मागे उरत नाही. पण बांधावरून डोकी फुटली, पाटीलकीवर दुसऱ्या घराण्याने हक्क सांगितला, दत्तक खरा की खोटा म्हणून वाद दिवाणात गेला, की हात-दोन हात लांब कागद तयार होतो. त्यात मग आजा-पणज्यांची नावं येतात, विहीर कोणी खणली ते येतं, दुष्काळात गाव परागंदा झालं ते येतं. गावाचा इतिहास लिहायला निघालेल्या माणसाने आधी गावातली भांडणं शोधावीत.

पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर टिकलं त्याचीही कथा अशीच. १८१८ साली राज्य गेलं आणि पेशव्यांचे हिशेब इंग्रजांच्या हाती आले. ते त्यांनी सांभाळले ते इतिहासाच्या ओढीने नव्हे. कोणाचं इनाम खरं आणि कोण नुसतंच सारा बुडवतो, हे त्यांना ताडून पाहायचं होतं. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळालं आणि हे जुने कागद पुरावा म्हणून मोलाचे ठरले. आज मी ज्या रुमालाची गाठ सोडतो, तो कधीकाळी संशयापोटी बांधून ठेवलेला आहे. या संशयाचा मी ऋणी आहे, आणि हे ऋण मला थोडं खुपतंही. कारण सरकारला ज्याच्याकडून काही वसूल करायचं नव्हतं, तो माणूस या कपाटांत फारसा शिरलाच नाही.

इतिहासकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात या दफ्तरातून निवडून ४५ खंड छापले. मोठंच काम. पण निवड म्हटली की लढाया, तह, कारस्थानं पुढे येणार. मला ओढ उरलेल्यांची. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, जमाव अशी या दफ्तराची अंगं आहेत. रोजकीर्दीत दिवसाचा जमाखर्च उतरतो, घडणीत तोच खात्याखात्याने लावलेला असतो. वाचायला बसलं की पहिले काही दिवस काहीच हाती लागत नाही. मोडीतली अक्षरं आधी ओढलेल्या रेघेला दोरीवरच्या धुण्यासारखी लटकलेली असतात. शब्द कुठे संपतो ते लिहिणाऱ्याने दाखवायचं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायची नाही, असा रिवाज. चांगला कारकून भरभर लिहितो आणि वाचणाऱ्याला रडवतो. शिकाऊ कारकुनाचं अक्षर मात्र लागतं. मी मनातल्या मनात त्याला दुवा देतो.

मग तारखा. महिना अरबी, चंद्राचा. वर्ष सुहूर सन, तेही आकड्यांऐवजी अरबी संख्याशब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६० निघतं. पण हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून पुढच्या जानेवारीतलं पानिपतही याच सालात बसतं. पेरणीबरोबर वर्ष बदलणारं हे साल मला आपल्या जानेवारीपेक्षा शहाणं वाटतं. वसुली पिकावर, म्हणून हिशेबाचं सालही पावसावर.

माझा सगळ्यात आवडता कागद महजर. वतनाचा वाद पडला की गोत जमायचं, साक्षी व्हायच्या आणि निवाडा सगळ्यांच्या साक्षीने लिहिला जायचा. साक्षीपुराव्याने निकाल लागेना तेव्हा दिव्य: उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढायचा, हात बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी जखम पाहायची. ते वाचताना आपलीच बोटं आखडतात. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. म्हणजे कोणीही जिंको, सरकार हरत नसे.

पण खरी मजा कागदाच्या तळाशी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आपापली निशाणी काढलेली असते. पाटलाचा नांगर. न्हाव्याचा आरसा. सुताराचं, चांभाराचं ज्याचं त्याचं हत्यार. चार-सहा फटकाऱ्यांत काढलेला तो नांगर कधी इतका ऐटदार असतो, की हा माणूस निवाड्यापेक्षा आपल्या निशाणीवर जास्त खूश होता अशी शंका यावी. आणि क्वचित कुठे एक वाटोळं: निशाणी बांगडी. एखादी विधवा, एखादी वतनदाराची आई. तिचा हक्क कोणीतरी नाकारला म्हणूनच ती इथे आहे. नाकारला नसता तर तिचं नावही मला कळलं नसतं.

घराघरांतल्या अशा कागदांसाठी इतिहाससंशोधक राजवाड्यांनी गावोगाव पायपीट केली. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला, पुढे खंड बावीस झाले, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. लोक कागद दाखवायला कचरत, याबद्दल त्यांना दोष देववत नाही. आजोबांनी सरकारला कागद दाखवला आणि इनाम गेलं, असं ज्या घरात ऐकलं असेल त्या घरात पेटारा सहज कसा उघडावा? त्यापेक्षा माळ्यावर कसर लागलेली बरी, किंवा न्हाणीघराच्या बंबात गेलेलं बरं.

आता पेटारे पुन्हा उघडू लागले आहेत, आणि कारण पुन्हा वादाचंच, या वेळी आरक्षणाच्या. २०२३ साली मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला सरकारने समिती नेमली, तेव्हापासून मोडी जाणणाऱ्याला अचानक भाव आला. एरवी इतिहासाच्या वाटेला न जाणारी माणसं कोतवाल बुकाच्या छायाप्रती घेऊन येतात. परवा असेच एक काका आले. मी बोट ठेवून वाचू लागलो: मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्माची तारीख. त्यांचं लक्ष जातीच्या रकान्यावर. तो वाचून झाला तरी ते उठेनात. बापाच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, “हे नाव घरात कुणाला ठाऊकच नव्हतं हो. याचं अजून काही निघेल का?”

मी विचारलं, “तुमच्या भावकीत जुना काही वाद झाला होता का?”

काका चपापले. मग खुर्ची पुढे ओढून सांगू लागले.