वर्ध्याहून व्हिसाच्या वाटेवर

आमच्या वर्ध्याला परदेशी पाहुण्यांचं अप्रूप नाही. 1936 साली गांधीजी शेगावला राहायला आले, 1940 साली त्या गावाचं सेवाग्राम झालं, आणि तेव्हापासून देशोदेशीची माणसं इथली मातीची कुटी पाहायला येतात. 1949 च्या डिसेंबरात तर जागतिक शांततावादी परिषदच सेवाग्रामला भरली होती. जग असं आमच्या दारी येतं. पण इथल्या एखाद्या गृहिणीला जगाच्या दारी जायचं झालं तर? तिला आधी पासपोर्ट आणि व्हिसा मिळवावा लागतो. गेल्या वर्षी मी ते केलं, त्याची ही हकिगत.

मी घर सांभाळून एका शाळेत तासिकेवर शिकवते. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला जी शिक्षण परिषद झाली, तिच्यातून 'नई तालीम' पुढे आली: हाताने काम करता करता शिकायचं. त्याच धर्तीवर मी मुलांना कापसाच्या वजनातून आणि हिशेबातून गणित शिकवते. त्यावर लिहिलेला माझा निबंध अमेरिकेतल्या एका शिक्षक परिषदेने स्वीकारला आणि निमंत्रणाचं पत्र आलं. घरात पेढे वाटून झाले, आणि मग सासूबाईंनी नेमका प्रश्न विचारला, "अगं, पण तिथे जाऊ देतील का तुला?"

पासपोर्ट आपलं सरकार देतं, 'ही आमची' असं सांगायला. व्हिसा दुसरं सरकार देतं, 'या' म्हणायला. परदेशी जाणं हा नागरिकाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली सांगितलं आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. व्हिसावर मात्र आपला हक्क नाही. तो देणं न देणं त्यांच्या मर्जीवर.

बायकांची पहिली गाठ पडते ती नावाशी. माझ्या बी.ए.च्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, आणि लग्नात तांदळावर लिहिलेलं तिसरंच! तुमच्याही घरी असंच असेल. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या, दोन्ही अर्जांत पूर्वीची वा दुसरी नावं विचारतात. ती सगळी सरळ लिहावीत. पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला जोडण्याची सक्ती 2016 च्या डिसेंबरात उठली, आणि लग्नानंतर माहेरचंच नाव ठेवलं तरी पासपोर्ट मिळतो. मात्र निमंत्रण मागवताना पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने कळवावं. एका एजंटाने मला 'नोकरी पूर्णवेळ दाखवा' असा सल्ला दिला. मी त्याला नमस्कार केला आणि अर्ज स्वतःच भरला. खोटं उघडकीला आलं तर पुढची वाटही बंद होते.

दुसरी गाठ पैशाची. गृहिणीला पगाराची पावती नसते. माझं तासिकेचं मानधन ते किती! म्हणून मी शाळेचं पत्र, ह्यांच्या पगाराचे कागद, माझं बचत खातं आणि राहण्याजेवणाचा खर्च परिषद करणार असल्याचं पत्र, असं एका फाइलीत लावलं. व्हिसाची फी भरली. नकार आला तरी ती परत मिळत नाही, तेव्हा हात जरा थरथरलाच.

मुलाखत मुंबईला. वर्ध्याहून साडेसातशे किलोमीटर. संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसले. पुलगाव गेलं, वर्धा नदीचा पूल ओलांडला की आमचा जिल्हा संपतो. दशम्या आणि तिळाची चटणी खाऊन झोपले, सकाळी मुंबई. पहिल्या दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. आत मोबाइल नेता येत नाही, तो आतेबहिणीच्या घरीच ठेवला.

रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. मुलीच्या बाळंतपणाला जायचं होतं. त्यांना नकार मिळाला. कागदांची पिशवी छातीशी धरून त्या निघाल्या, तेव्हा माझा घसा कोरडा पडला.

काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं: कशाला जाता, खर्च कोण करणार, घरी कोण आहे? मी कापसाची गोष्ट सांगितली. मग घरचं सांगितलं: सासूबाई, पाचवीतली मुलगी, जून उजाडला की सुरू होणारे तास. त्यांचा कायदा असा, की येणारा प्रत्येक जण तिथेच राहायला येतोय असं आधी धरायचं. परत येणार हे आपण पटवायचं. 'घरसंसार आहे, मग बाई कशी जाणार?' असं आपल्याकडे नेहमी म्हणतात. त्या खिडकीत माझा घरसंसारच माझ्या बाजूने साक्षीला उभा राहिला. तीन-चार मिनिटांत त्यांनी होकार दिला. मला आनंद झाला, पण आजींचा चेहरा काही डोळ्यांपुढून हलेना. त्यांनाही घर होतंच की. बरोबर कागद नेले म्हणजे व्हिसा मिळतोच, असं मी म्हणूनच कुणाला सांगत नाही.

पण एक मात्र आपल्या हातात आहे. निमंत्रण येईल तेव्हा येईल, पासपोर्ट आधी काढून ठेवा. मोठ्यांचा दहा वर्षं चालतो. मुलाखतीच्या तारखा महिनोन्‌महिने पुढच्या मिळतात. तेव्हा पासपोर्टसाठी धावायला वेळ उरत नाही. रेशनकार्ड आणि विम्याच्या कागदांच्या डब्यात त्याला जागा करा. आपलं नाव त्यावर कसं छापलंय, तेही एकदा निवांत वाचा.