तळ्यातला विस्तव

बंगळुरूत मी कायद्याच्या आणि व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षांसाठी तर्क शिकवतो. त्यात मला सर्वांत जवळचं काम म्हणजे न बोललेलं गृहीतक शोधणं. युक्तिवादात लिहिलेलं कुणीही वाचतं; तो ज्याच्यावर उभा आहे ते पुष्कळदा लिहिणाऱ्यानंही पाहिलेलं नसतं.

उदाहरणं शहरच पुरवतं. २०१६ साली बसवेश्वर सर्कल ते हेब्बाळ असा ६.७ किलोमीटरचा पोलादी उड्डाणपूल ठरला होता. त्यासाठी आठशेच्या वर झाडं जाणार होती. लोक रस्त्यावर उतरले आणि मार्च २०१७ मध्ये सरकारनं तो बेत सोडला. पुलाच्या बाजूचं म्हणणं दोन वाक्यांत मावतं. विमानतळाच्या रस्त्यावर कोंडी आहे. पूल झाला की ती कमी होईल. यात गाळलेलं काय? वर्गातून हमखास येणारं उत्तर असतं, 'पुलामुळे कोंडी पूर्ण सुटेल.' युक्तिवादाला इतकं लागतच नाही. मोकळी झालेली जागा नव्या गाड्यांनी पुन्हा भरून जाणार नाही, एवढं त्याला पुरतं. पण तेवढं लागतंच.

कसोटी अशी की ते विधान नाकारून पाहायचं. युक्तिवाद कोसळला तर ते गृहीतक, नाहीतर नुसतं शेजारचं मत. नाकारतानाही हात राखावा लागतो. 'सगळे बसनं जातील' हे नाकारलं तर 'काही जण जाणार नाहीत' एवढंच हाती येतं. विद्यार्थी थेट 'कुणीच जाणार नाही'वर उडी मारतात. पुलाच्या विरोधकांनाही मी हीच कसोटी लावायला सांगतो. सार्वजनिक वाहतूक वाढवली की माणूस गाडी घरी ठेवेल, हे त्यांनी तरी कुठे सिद्ध केलेलं असतं? आपलं मन ज्या बाजूला, तिथली गृहीतकं सर्वांत उशिरा दिसतात.

आपल्या नैयायिकांनी हे काम फार कसून केलं. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'ची आठल्ये-बोडस यांनी सिद्ध केलेली, १८९७ मध्ये मुंबईत निघालेली आवृत्ती मी आजही उघडतो. धूर दिसतो म्हणून डोंगरावर आग आहे, हे अनुमान चालतं. आग आहे म्हणून धूर असणारच, हे चालत नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. अशा मागे दडलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. शिवाय नियम मांडणाऱ्यानं दोन स्थळं दाखवायची, एक जिथे आग नक्की आहे आणि एक जिथे ती नक्की नाही. पहिलं स्वयंपाकघर. दुसरं त्यांनी निवडलं मोठं तळं.

१६ फेब्रुवारी २०१७ रोजी बेळ्ळंदूर तलावातून धुराचे लोट उठले. सुमारे नऊशे एकरांच्या त्या तलावात शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं प्रक्रियेविना उतरत होतं. मी हे वर्गात मांडलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, 'सर, पाणी नाही जळलं, वरचं गवत आणि कचरा जळला.' खरं होतं. धूर तिथे आग हा नियमही शाबूत होता. मोडलं होतं ते उदाहरण, कारण तळं म्हणजे पाणीच, हे कुणाला वेगळं सांगावंसं वाटलं नव्हतं.

मग तिचं वाक्य मी फळ्यावर लिहिलं. असं वाक्य बाहेर बहुधा दिलासा म्हणून येतं: जळलं ते गवत, म्हणजे तलावाला काही झालेलं नाही. यात गाळलेलं काय, हे शोधायला वर्गाला बराच वेळ लागला. शेवटी तिनंच ते पकडलं. गवताचा आणि पाण्याच्या स्थितीचा संबंध नाही, असं त्यात धरलेलं आहे. ते नाकारून पाहिलं. तलावावरची वाढ पोसली जाते ती सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. सांडपाणी येत राहिलं तर कापलेलं गवत पुन्हा उगवणार. दिलासा तिथेच कोसळला. हरित लवादानं त्या आगीची स्वतःहून दखल घेतली होती. तरी जानेवारी २०१८ मध्ये बेळ्ळंदूर पुन्हा पेटला.