पॅड भरला आहे

संपादकांनी फोनवरच विषय बांधून दिला, ‘प्रिंटर कंपन्या गिऱ्हाइकाला कशा लुटतात ते लिहा.’ नाशिकच्या एम. जी. रोडवर बावीस वर्षं प्रिंटर खोलतोय. प्रकरण एवढं सोपं असतं तर पानभर शिव्या लिहून मोकळा झालो असतो.

लूट होती, नाही कशाला म्हणू? प्रिंटर स्वस्तात गळ्यात मारायचा आणि शाईवर कमवायचं. काही कार्ट्रिजमध्ये जेमतेम चार-पाच मिलिलिटर शाई आणि दोन-तीन कार्ट्रिजच्या पैशांत नवा प्रिंटर! आमचं दुकान त्यावरच उभं राहिलं. आधी सिरिंजने शाई भरून द्यायचो. मग प्रिंटरच्या बाजूला बाटल्या लटकवून बारीक नळ्या आत सोडायला लागलो. पिंपळगावचे द्राक्षवाले त्याला ‘ड्रिप’ म्हणायचे. वॉरंटी जायची, पण पर्वा कोणाला होती?

असाच उद्योग इंडोनेशियातले कारागीरही करत होते. एप्सनने तो पाहिला आणि 2010 मध्ये तिथेच टाकीवाला प्रिंटर बाजारात आणला. मागाहून तो आपल्याकडे आला. कॅननची टाकीवाली ‘जी’ सिरीज 2015 ची, पाठोपाठ एचपीही उतरली. गणित उलटं झालं: यंत्र महाग, शाई स्वस्त. कंपनीचा नफा विक्रीच्या दिवशीच खिशात. या युक्तीचं श्रेय गल्लीतल्या मेकॅनिकला कोणी देत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तरीही काउंटरवर रोज ऐकतो, ‘शाई स्वस्त झाली, मग फोटो महाग का?’ अहो, चांगल्या ग्लॉसी कागदाला पैसे पडतात. फोटोच्या प्रिंटरला सहा रंग लागतात; फिका निळा आणि फिका गुलाबी नसेल तर गोऱ्या गालावर ठिपके दिसतात. त्यातला सर्वांत बारीक थेंब दीड पिकोलिटरचा, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये असे सहासष्ट कोटींवर थेंब. असो, संपादक हे कापतील.

मला बोलायचंय ते पॅडबद्दल. हेड साफ होताना जी शाई बाहेर पडते ती यंत्राच्या तळाशी ठेवलेल्या फेल्टच्या गादीत मुरते. गादीत किती मुरली हे बघणारं तिथे काहीच नसतं. चिप फक्त अंदाजाने आकडा वाढवत जाते. आकडा भरला की लायटी लुकलुकतात आणि प्रिंटर काम थांबवतो. तो आकडा पुन्हा शून्यावर आणणं म्हणजे रीसेट. लोक म्हणतात, चालतं यंत्र कंपनीने मुद्दाम बंद पाडलं. फ्रान्समध्ये 2017 साली ग्राहकांच्या एका संघटनेने प्रिंटर कंपन्यांवर याच धर्तीची तक्रारही केली. माझं मत वेगळं आहे. आकडा खोटा नसतो, गादी खरंच भरत असते. राग यायला हवा तो ती गादी अशा जागी कोंबल्याचा, की गिऱ्हाइकाचा हात तिथवर पोचू नये. अलीकडच्या काही मॉडेलांत गादी एका डब्यात असते आणि तो डबा एक स्क्रू काढून घरीच बदलता येतो. म्हणजे जमत होतं. आधी केलं नाही, एवढंच.

आता ज्यासाठी लेख लिहायला बसलो ते. जूनमध्ये पंचवटीतल्या एक ताई फोटोचा प्रिंटर घेऊन आल्या. पासपोर्ट फोटोंवर त्यांचं घर चालतं. यंत्र उचललं तर खालून काळपट जांभळा ओघळ. घरी सागवानी टेबलाची फळी भिजली होती आणि शेजारी ठेवलेले शाळाप्रवेशाचे चाळीस फोटोही. गादीचा चिखल झाला होता. मी तोंड उघडलं, ‘ताई, हे रीसेट कोणी मारलं? गादी न बदलता?’

त्या म्हणाल्या, ‘दादा, तुम्हीच.’

वही काढली. दोन वर्षांपूर्वीची नोंद, माझ्याच अक्षरात: ‘रीसेट, 400.’ पुढे गादीचा उल्लेख नाही. त्या दिवशी लाइनीत सात जण होते, एवढंच आठवतं. गादी बदलायला पाऊण तास लागतो, रीसेटला दोन मिनिटं.

नवी गादी फुकट बसवून दिली. फोटोंचे पैसे ताईंनी घेतले नाहीत.

तुमच्या प्रिंटरला कोणी नुसतं रीसेट मारून देत असेल, तर उठू नका. जुनी गादी काढून दाखव म्हणा. माझ्या दुकानात आलात तर मलाही म्हणा.